टपालपेट्यांवरची नावं

मार्च उजाडला की आमच्या इमारतीत माणसं वाढतात.
पाळणा हलत नाही, सामान चढत नाही,
नुसती पेट्यांवर आडनावं चिकटतात.
तिसऱ्या मजल्यावर डावीकडे म्हातारा डॉन एव्हेलियो
आपल्या दम्यासोबत एकटा राहतो;
कागदावर यंदा त्याच्या घरात सहा मुलं आहेत,
त्यातली दोन जुळी.

मी ओब्दुलिया. दार सांभाळते.
एकतीस वर्षं जिना पुसते, पितळ घासते,
सिएर्सो सुटला की उंबऱ्यातला पाचोळा बाहेर लोटते
आणि तो परत येतो.

समोर शाळा. नन लोकांनी काढलेली,
सरकारच्या पैशावर चालणारी,
सर्वांसाठी खुली; फाटकावरच तसं लिहिलंय.
दरमहा नव्वद युरो मागते. ऐच्छिक.
ऐच्छिक म्हणजे काय,
दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला एकदा समजावलं:
इच्छा झालीच पाहिजे असं.

घर जवळ असेल तर गुण.
भाऊ आधीच आत असेल तर गुण.
बरोबरी झाली तर पिशवीतून एक अक्षर निघतं,
त्या अक्षराच्या आडनावापासून रांग सुरू.
म्हणून सारागोसाबाहेरच्या बंगल्यांतून,
जिथे पोहायला तळं आहे आणि कुत्र्याला वेगळी खोली,
लोक आमच्या काळोख्या जिन्यात राहायला येतात.
कागदावर.
नाताळात मला बदामाच्या मिठाईचा डबा मिळतो,
आणि पालिकेचा माणूस चौकशीला आला की मी म्हणते,
आत्ताच बाहेर पडले बघा,
थोडक्यात चुकामूक झाली.

इसार्बे माझी नात.
तिची आई मे ते सप्टेंबर फ्रागाकडे पीच तोडते,
उरलेले महिने हॉटेलातल्या चादरी.
पोरगी माझ्याकडेच असते, जिन्याखालच्या खोलीत,
पाण्याच्या मीटरांच्या भिंतीला पाय टेकवून झोपते.
खिडकी एकच, फुटपाथच्या उंचीला.
माणसं ती बुटांवरून ओळखते.
समोरच्या शाळेची घंटा तिच्या उशाशी वाजते.

गेल्या वर्षी मीही अर्ज भरला. का नाही?
अंतर सत्तावीस पावलं. पोरीची पावलं, माझी नव्हेत.
खिडकीमागच्या मुलीनं, गोड होती, नखं रंगवलेली,
संगणकात पाहिलं. पुन्हा पाहिलं.
जिन्याखालची खोली राहण्याची जागा नाही, म्हणाली,
नोंद झाडू ठेवायची जागा अशी आहे.
तिथे कुणी राहतच नाही, आजी.

कुणी राहतच नाही.
वाक्य ओळखीचं वाटलं.
एकतीस वर्षं मीच ते
उलटं करून वापरत होते.

सांगता आलं असतं तेव्हा.
सहाच्या सहा नावं ओठांवर आली होती, जुळ्यांसकट.
पण मागच्या हिवाळ्यात माझ्या औषधांचे पैसे
डॉन एव्हेलियोच्या मुलीनं भरले होते,
न मागता.
नावं गिळली. घशात अडकतात, तरी गिळली.

आता इसार्बे बसनं एब्रोपलीकडे जाते.
तिथल्या वर्गात सात भाषा आहेत आणि एक पंखा.
बाई तरुण आहेत, जीव लावून शिकवतात,
जूनपर्यंतच आहेत.

अक्षरं मात्र ती आमच्या पेट्यांवर शिकली.
संध्याकाळी मी पितळ घासते,
ती बोट ठेवून वाचते
लांबलचक जोडआडनावं, मधे आडवी रेघ असलेली.
आजी, ही मुलं कधी दिसत कशी नाहीत?
आत्ताच बाहेर पडली, मी म्हणते. सवयीनं.

काल तिनं वहीचं पान फाडून
स्वतःचं नाव लिहिलं, ‘ब’ उलटा,
आणि जिन्याखालच्या दारावर लावलं.
वाऱ्यानं दोनदा पाडलं.
तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चिकटपट्टी आणली,
रुंद, पार्सलांना लावतात ती.